टाचेवरचा कापूस

नऊ वाजल्यापासून स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक चालू शेगडीवर सुऱ्या-चिमटे उकळत होते, आणि चहाला शेगडी मिळत नाही म्हणून विहीणबाई रुसून बसल्या होत्या. दुसरी शेगडी बिघडून महिना झाला होता. या घरात अर्ध्या शहराची घड्याळं दुरुस्त व्हायची, शेगडी तेवढी राहून जायची.

"वीस मिनिटं म्हणाला होतात," विहीणबाई म्हणाल्या. "चाळीस झाली. सूप करताय का सुऱ्यांचं?"

"वीस मिनिटं पाणी खळखळायला लागल्यापासून मोजायची," आबा म्हणाले. "आणि पातेल्यात डोकावू नका, वाफेनं चष्मा जाईल."

आबा पंचाहत्तरीला आले होते. दिवसभर खालच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायची, हा त्यांचा धंदा. पण यहुदी वस्तीत कुणाकडे मुलगा झाला, की आठव्या दिवशी सुंता करायला बोलावणं आबांनाच जायचं. आधी त्यांचे वडील करायचे, त्यांच्यामागे आबा. चव्वेचाळीस वर्षांत सहाशेच्या वर मुलं झाली. या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. गर्व मात्र भरपूर घेतला, आणि तो त्यांना शोभायचाही. आजचा मुलगा तर त्यांच्या धाकट्या लेकीचा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आलेला.

"माझ्या मुलाची सुंता तुमच्या वडिलांनी केली," विहीणबाईंनी दुसरं टोक धरलं. "तोंडानं रक्त ओढलं होतं त्यांनी, पूर्वापार रीतीप्रमाणे. तुम्ही म्हणे काचेची नळी लावता."

"पंधरा वर्षं झाली नळी लावतोय."

"म्हणजे वडिलांचं चुकलं?"

"वडिलांच्या ओठावर फोड होता की नाही, ते तेव्हा कुणी बघितलं? मोठ्या माणसाच्या ओठावरचा साधा फोड असतो. आठ दिवसांच्या बाळाच्या जखमेला लागला तर मेंदूपर्यंत जातो, बाळ दगावतं. मी नळी लावतो, नळीत कापूस असतो, हातात मोजे असतात. पोर पिवळं दिसलं तर पेटी न उघडता घरी परत जातो. अशा सात मुलांची सुंता मी आठव्या दिवशी पुढं ढकलली. त्यातल्या एकाचा आजोबा अजून माझ्याशी बोलत नाही."

"आमचा पाहुणा पिवळा नाही ना?"

"नाही. काल खिडकीत धरून बघितला. कपाळ दाबलं, छाती दाबली, डोळे बघितले. गुलाबी आहे अगदी."

सगळं बघितलं होतं त्यांनी. पायात मोजे होते, ते तेवढे काढले नव्हते. हवा गार होती.

आतल्या खोलीत थोरली बाळाला तयार करत होती. नाव सुंतेच्या वेळीच ठेवायचं असल्यामुळे आठ दिवस सगळे त्याला पाहुणाच म्हणत होते. धाकटी उशीला टेकून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होती. घड्याळजीच्या लेकीला एवढं घाबरून घड्याळाकडे बघताना थोरलीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई, तो पांढरा झबलाच घाल हं. सासूबाईंनी शिवून घेतलाय."

"शिवून घेतलाय कुठला. शिवण बघ, मशीननं हगवण लागल्यासारखे टाके टाकलेत," थोरली म्हणाली. ती स्वतः शिवणकाम करायची आणि दुसऱ्याचे टाके तिला कधी आवडले नव्हते. "घालते. आधी पाय तर पुसू दे."

डावा मोजा निघाला. उजवा निघेना. तिनं हलकेच ओढला तेव्हा कळलं, की आत टाचेवर कापूस आहे आणि तो मोज्याला चिकटलाय. तपकिरी, कडक झालेला कापूस. तिनं कोमट पाण्याचं बोट लावलं, कापूस सुटला, आणि खालून एक लाल ठिपका वर आला. ठिपक्याचा थेंब झाला आणि ओघळून टॉवेलवर पडला.

"हे काय गं?"

"ते होय. दवाखान्यात टोचतात ना टाचेला, तपासणीसाठी. चौथ्या दिवशी टोचलं."

"आज आठवा आहे."

"थांबत नव्हतं म्हणून नर्सनं कापूस लावून दिला. म्हणाली, पाय फार झाडतो, म्हणून होतं. दोन मोजे खराब केले लबाडानं. परवा थांबलं होतं."

"आणि काल?"

"काल थोडं आलं. ताई, सुईचं टोक टोचलंय, तू चेहरा काय असा करतेस?"

थोरलीनं टाचेवर अंगठा दाबून धरला. एकवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावातल्या एका भाड्याच्या खोलीत तिनं असाच हात दाबून धरला होता. तिचं बाळ, तिचं पहिलं आणि शेवटचं. सुंता करायला आबाच आले होते, एकटे, सकाळच्या बसनं. नवरा कामाला बाहेरगावी होता, सासरचं कुणी आलं नव्हतं. दुपारपर्यंत पट्टी भिजली. ती बदलली. संध्याकाळपर्यंत तिनं अकरा दुपटी बदलली, अजूनही तिला तो आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. पहाटे डॉक्टर आले तेव्हा त्यांना करायला काही उरलं नव्हतं.

त्या सकाळी आबा तिला म्हणाले होते, काविळीनं गेला असं सांगू. नाहीतर लोक पोरं माझ्याकडे देणार नाहीत, आणि भलत्याच्या हातात देतील. ती पंचवीस वर्षांची होती, बापाचा चेहरा तिला बघवला नाही, ती हो म्हणाली. मग सासरच्यांनी ठरवलं, की कावीळ झाली म्हणजे आईनं बाळाला ऊन दाखवलं नाही. त्या खोलीला खिडकीच नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वर्षभरात ती शिलाई मशीन घेऊन माहेरी आली ती आलीच. आपल्याच बाळाला जपता आलं नाही ती हीच, असं बोट तिच्याकडे आजही दाखवलं जायचं, आणि ती खाली मान घालून काज शिवायची.

"धर जरा," ती धाकटीला म्हणाली. "अंगठा इथं ठेव. काढू नकोस."

"अगं पण दहाला—"

"काढू नकोस म्हटलं ना!"

थोरली खाली दुकानात आली. आबा तिथं पेटी भरत होते, शटर अर्धं वर होतं. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा दाखवत होती. आबांना त्याचा कधी त्रास व्हायचा नाही. दुरुस्तीला आलेल्या घड्याळानं खरी वेळ दाखवावी अशी अपेक्षाच चुकीची, असं ते म्हणत. आज मात्र त्यांना सगळ्यांची टिकटिक एकदम ऐकू यायला लागली.

"टाचेतून रक्त येतंय त्याच्या," थोरली म्हणाली. "चार दिवस."

"टाच घासते. सुटतं रक्त."

"आबा, माझ्या बाळाचं असंच होतं."

एकवीस वर्षांत या विषयावर त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता. आबांनी हातातला चिमटा मेजावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"तुझ्या वेळी माझा हात चुकला," ते म्हणाले. "बसमध्ये दोन तास गारठून आलो होतो. केसभर जास्त कापलं गेलं असणार. त्याचा जाब मला द्यायचाय, मी देईन. ती सुरी मी नदीत टाकली. कातडी धरायची नवी पट्टी, ढाल म्हणतात तिला, करून घेतली, पुढं कधी हात घसरायला नको म्हणून. त्यानंतर एकाही मुलाला काही झालं नाही."

"हात चुकला हे तुम्ही बघितलंत?"

"चुकलाच असणार."

"बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी ठरवलं होतं. हात चुकला म्हटलं, की दोष हाताचा होतो, आणि हाताला वळण लावता येतं. हात चुकला नव्हता म्हटलं तर मग काय होतं, याचा विचार त्यांनी एकवीस वर्षं दाराबाहेर उभा ठेवला होता.

"हे बघ," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "यालाही नियम आहे. मी आज बनवत नाही, शेकडो वर्षांपासून लिहून ठेवलेला आहे. एका आईची दोन मुलं, नाहीतर एकाच रक्ताच्या बायकांची दोन मुलं सुंतेच्या रक्तानं गेली असतील, तर पुढच्याला हात लावायचा नाही. दोन. एकदा घडलं तर योगायोग असू शकतो, चूक असू शकते. आपल्याकडे एक झालंय."

"म्हणजे हा दुसरा झाला, की मग नियम लागू करायचा?"

तेवढ्यात जिन्यावरून जावई अर्धा वाकून डोकावला. तो विजेची कामं करायचा, आणि घरात भांडण दिसलं की मेन स्विच शोधल्यासारखा इकडेतिकडे बघायचा.

"आबा, मंडळी यायला लागलीत. नऊ जण झाले. दहावा गाडी लावतोय, म्हणजे प्रार्थनेपुरते दहा झाले."

आबांनी पेटी उचलली. पेटीत पट्ट्या, मलम, हातमोजे आणि ती वही. प्रत्येक मुलासाठी वहीत एक ओळ असायची. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन पट्टी सोडायचे आणि ओळीच्या शेवटी एकच शब्द लिहायचे: थांबलं. सहाशे ओळी, सहाशे वेळा थांबलं. थोरलीच्या मुलाच्या ओळीपुढेही त्यांनी तोच शब्द लिहिला होता. थोरलीनं तो एकदा धूळ झटकताना वाचला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

वर पुढच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक बाळाला मांडीवर घेणाऱ्याची आणि एक रिकामी, प्रत्येक सुंतेला हजर असतो असं मानतात त्या पैगंबरासाठी राखलेली. माणसं भिंतीला लागून उभी होती, चहाबद्दल सूचक बोलत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण लोटलेल्या दारामागचं बोलणं न ऐकण्याइतके सज्जन पाहुणे कुणाकडेच येत नाहीत.

"आज करायची नाही," थोरली म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवायचं."

"आठवा दिवस आहे आज!" विहीणबाईंचा आवाज चिरकला. "नऊ वर्षं मी या दिवसाची वाट बघितली. माणसं बाहेर उभी आहेत. आणि हिला आज डॉक्टर आठवतोय?"

"टाचेतून चार दिवस रक्त—"

"सुई टोचली की रक्तच येतं, दूध येत नाही. हे बघ, रागावू नकोस, पण ज्यांना आपलं बाळ सांभाळता आलं नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या बाळाबद्दल शहाणपण शिकवू नये."

धाकटीनं मान वर केली. तिचा अंगठा अजून बाळाच्या टाचेवर होता, दुखायला लागला होता. तिला ताईची बाजू घ्यायची होती. पण आठ दिवस तिनं एक गोष्ट मनात दाबून ठेवली होती, ती नेमकी आत्ता बाहेर आली.

"ताई, तू आल्यापासून त्याच्याकडे अशी बघतेस, की मला भीती वाटते. तुला त्रास होतो का गं, माझं बाळ बघून?"

थोरलीला वाटलं, आता इथून निघून जावं. मशीनवर जाऊन बसावं आणि कुणाचं काय व्हायचं ते होऊ दे. ती दारापर्यंत गेलीही. मग वळली.

"माझं बाळ काविळीनं गेलं नाही," ती म्हणाली. "सुंतेनंतर रक्त थांबलं नाही, म्हणून गेलं. आबांनी केली होती. आबा सांगतील."

"आज सुचतंय?" विहीणबाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांनी?"

"आबा?" धाकटी म्हणाली. "खरं आहे?"

आबा दारात उभे होते. हातात पट्ट्यांची गुंडाळी होती. ते तिचे तुकडे कापत होते, एक वीतभर, दुसरा वीतभर, अगदी मापात. मागे नऊ माणसं, बहुतेकांची मुलं त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना स्वतःलाच ऐकू आलं, की आपण म्हणतोय, "आता ते कशाला? उशीर होतोय."

थोरलीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. तेच आबांना सहन झालं नाही, ते पुन्हा पट्टी कापायला लागले.

"मी काय म्हणतो," जावई चाचरत म्हणाला, "एक दिवस पुढं गेलं तर—"

"तू गप्प बस," त्याची आई म्हणाली.

"नाही आई. एक दिवस. एका दिवसानं काय बिघडतं?"

"मुलगा आहे तुझा तो, फ्यूज नाही, उद्या बदलू म्हणायला!"

स्वयंपाकघरात आबांची बायको शेगडीसमोर उभी होती. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. घरात सगळे तिला आईच म्हणत, आबासुद्धा. ती फार बोलत नसे. नवरा इतका बोलायचा की तिच्या वाट्याला फारसं उरतच नसे, असं ती गमतीनं म्हणायची. तिला आतलं सगळं ऐकू आलं होतं. काविळीनं गेला नाही. रक्त थांबलं नाही. ती हातातल्या चिमट्याकडे बघत राहिली.

थोरलीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. नवरा तेव्हा दुसऱ्या शहरात घड्याळाचं काम शिकत होता, सुंतेला त्याला सुट्टी मिळाली नाही. सुंता सासऱ्यांनी केली. दुसऱ्या रात्री बाळ पांढरं पडत गेलं, कापडासारखं. सासरे तिला म्हणाले, पोराला ताप होता, तापानं गेला. माझ्या मुलाला हे काम शिकायचंय. स्वतःचंच पोर असं गेलं हे कळलं तर तो सुरीला कधी हात लावणार नाही. तिनं तोंडाला कुलूप लावलं. नवरा आला, रडला, तापाला शिव्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी बापाकडून हे काम शिकला. नंतर दोन मुलीच झाल्या, बोलायची वेळ आलीच नाही. थोरलीचं बाळ गेलं तेव्हा तिला कावीळ सांगितली. तिनं मानली.

आपण एक लपवला. यांनी एक लपवला. दोघंही एकाच घरात राहून एक-एकच मोजत बसलो.

तिनं शेगडी बंद केली. पाण्याची खळखळ थांबली तशी बाहेरच्या माणसांनी वळून बघितलं. ती चिमटा तसाच हातात घेऊन पुढच्या खोलीत आली, माणसांच्या मधोमध.

"अहो," ती म्हणाली.

"पाणी का बंद केलंस? अजून—"

"आपला पहिला तापानं गेला नाही."

आबांच्या हातातली कात्री अर्ध्या पट्टीत थांबली.

"तुमच्या वडिलांनी सुंता केली. दुसऱ्या रात्रीपर्यंत रक्त येत होतं. मला शपथ घातली होती. माझं चुकलं. थोरलीचं गेलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं, पण मला कावीळ सांगितलीत तुम्ही." तिनं चिमटा त्यांच्यासमोर धरला. "आता मोजा. तुम्हीच सांगता ना, दोन."

कुणीतरी खाकरलं. आबा हळूच बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण पैगंबराच्या खुर्चीवर बसलोय. ते दचकून उठले. दोन. त्यांचा बाप आणि ते, दोघांनी मिळून. वडील आत्ता समोर उभे राहिले असते, तर आबा त्यांच्याशी भांडले असते. पण भांडायला सुरुवात कुठून करायची? आपण तेच केलं होतं. फक्त शब्द बदलून, तापाऐवजी कावीळ.

त्यांनी कात्री पेटीत टाकली. मग खोलीतल्या माणसांकडे वळले.

"ऐका सगळे. आज सुंता होणार नाही. या मुलाच्या आजीचा मुलगा रक्तानं गेला. मावशीचा मुलगा रक्तानं गेला, त्याची सुंता मी केली होती. कावीळ नव्हती. कावीळ मी सांगितली, माझी लाज झाकायला. माझ्या लेकीनं ऊन दाखवलं नाही असं तुम्ही एकवीस वर्षं बोललात, आणि मी ऐकून घेतलं. तिचा काही दोष नव्हता." त्यांनी श्वास घेतला. "जीव जात असेल तर आठवा दिवस मोडायचाच असतो. न मोडणं पाप. हे मी दुसऱ्यांना सात वेळा सांगितलंय."

थोरली आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिला फक्त बसावंसं वाटत होतं.

सगळ्यात आधी हलल्या विहीणबाई. त्यांनी पांढरा झबला बाजूला फेकला, धाकटीच्या हातातून बाळाला घेतलं आणि जाड दुपट्यात गुंडाळलं.

"मग उभा काय राहिलास पुतळ्यासारखा?" त्या मुलावर ओरडल्या. "गाडी काढ! फ्यूज बदलता येतो, गाडी काढता येत नाही?" मग थोरलीजवळून जाताना त्या अडखळल्या. त्यांच्या तोंडून माफी निघायची सवय नव्हती, निघालीही नाही. "तू चल," त्या म्हणाल्या. "तू पुढं बस, त्याला घेऊन. तुला दाबता येतं नीट."

इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली, तिन्ही पिढ्यांची हकिगत ऐकली, आणि मनगटाच्या शिरेतून थोडं रक्त काढून वर तपासणीला पाठवलं. दुपारी दोनच्या सुमाराला त्या कागद घेऊन परत आल्या. रक्त गोठायला जे लागतं त्यातला एक भाग या बाळाच्या रक्तात जवळजवळ नाहीच, असं त्या म्हणाल्या. हा आजार बायकांच्या रक्तातून पुढं जातो आणि मुलग्यांना होतो. आईला कळतसुद्धा नाही. आता इंजेक्शन देता येतं, मूल वाढतं, शाळेत जातं. जन्मभर जपावं मात्र लागतं.

"आज सुंता केली असती तर?" धाकटीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घातली. "बरं झालं, थांबलात," त्या म्हणाल्या. "पुढं कधी करायचीच असेल, तर इथं, इंजेक्शन देऊन. नाही केली तरी माझी हरकत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा."

"हात," आबा मधेच म्हणाले. "एखाद्याचा हात चांगला असता, तर त्या मुलांचं..."

"आजोबा, कुणाचाही हात असता तरी तेच झालं असतं."

आबांनी मान हलवली. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हात निर्दोष होता. जीभ नव्हती. तेव्हाच खरं बोलले असते तर आज हा दिवस इतका जवळ आला नसता.

मनगटावरच्या टोचलेल्या जागेतून अजून झिरपत होतं. इंजेक्शन आत्ताच दिलं होतं, गुण यायला वेळ लागणार होता. कापूस लावून दहा मिनिटं दाबून धरा, मधे बघू नका, असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या. सवयीनं बरोबर आणलेली पेटी पायाशी ठेवून आबांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि अंगठा ठेवला. दुसऱ्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ त्यांना वाचता येईल असा हात वळवला. शेजारच्या बाकावर धाकटी थोरलीच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. सकाळी बोललेलं तिला परत घेता येत नव्हतं, म्हणून ती ताईच्या ओढणीचं टोक हातात धरून होती.

"थोरले," आबा म्हणाले, "पेटीत वही आहे. काढ."

तिला पान शोधावं लागलं नाही. ते बघून आबांच्या ध्यानात आलं, की तिनं हे आधी वाचलेलं आहे. त्यांनी डोळे मिटले.

"शेवटचा शब्द खोड."

तिनं खोडला.

"थांबलं नाही, असं लिही. आणि नावाच्या जागी मी नुसतं थोरलीचा मुलगा लिहिलंय. त्याचं नाव लिही. आपण ठेवलं होतं ना त्या दिवशी."

तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"वाच."

थोरलीनं नाव वाचलं. एकवीस वर्षांत ते नाव त्यांच्यापैकी कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आई तोंडावर हात ठेवून रडायला लागली. विहीणबाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिल्या, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. ज्याचं नाव ठेवायला सकाळी माणसं जमली होती, तो पाहुणा मात्र शांत झोपला होता.

दहा मिनिटं झाली. आबांनी आणखी पाच धरली. मग श्वास रोखून कापूस उचलला. खालची कातडी कोरडी होती.

"थांबलं," ते म्हणाले.

थोरली उठली आणि खाली वाकून तिनं स्वतः बघितलं. मग कापूस पुन्हा जागेवर ठेवला आणि त्यावर आपला अंगठा दाबून धरला.

"थांबलंय गं," आबा म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिनं अंगठा काढला नाही.